रावेर–बऱ्हाणपूर आणि जेरिको–जेरुसलेम : लष्करी ताब्यातल्या मुलखात माणसं ये-जा कशी करतात?

केळीबाग_रावेर | शनिवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

परवा मोठ्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून बऱ्हाणपूरला जाऊन आलो. सकाळी बागेला पाणी लावलं, नऊला मोटरसायकल काढली आणि दहाच्या आत तिच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. मधे महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागतो, पण ते पाटी वाचली तर कळतं. परत येताना मला जेरिकोचा एक म्हातारा आठवला. त्याची गोष्ट कितीतरी वर्षं मनात आहे, आज लिहून काढतो.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही रावेर-यावलचे काही शेतकरी इस्रायलला गेलो होतो. तेल अवीवला ॲग्रीटेकचं प्रदर्शन होतं. ठिबकने आपल्या केळीला काय दिलं ते या भागातल्या कुणाला सांगायला नको. त्या देशाबद्दल आदर घेऊनच गेलो होतो आणि शेतीपुरता तो आजही कायम आहे. प्रदर्शन झाल्यावर टूरवाल्याने जेरुसलेम, बेथलेहेम, जेरिको आणि मृत समुद्र दाखवला.

जेरिको म्हणजे इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेतलं, समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली वसलेलं पॅलेस्टिनी गाव. ऊन अगदी आपल्या भुसावळसारखं. गावात शिरताना एक मोठी लाल पाटी लागते. इस्रायली नागरिकांना पुढे जायला मनाई आहे, जिवाला धोका आहे, असं तीन भाषांत लिहिलेलं. आमची बस मात्र थेट आत गेली. रस्त्याकडेला फळांचं दुकान दिसलं आणि तिथे केळीचे घड टांगलेले! जेरिकोची केळी त्या मुलखात नावाजलेली आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. बुटकी, पिवळीधमक, आपल्या बसराईपेक्षाही लहान. गोडीला मात्र भारी.

मी गाइडला म्हटलं, याला सांगा, मीपण केळीवाला आहे. तर तो म्हातारा काउंटरमागून बाहेर आला, माझा हात हातात घेतला आणि माझ्या शर्टाची बाही उलटून बघितली. तिथे चिकाचा काळा डाग होता. केळीच्या चिकाचा डाग सात धुण्यांत निघत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याने आपली बाही पुढे केली. तिथेही तसाच डाग!

मग गप्पा झाल्या, गाइड मधे बोलत होता. त्याने विचारलं, तुझा माल कुठवर जातो? मी म्हटलं, सावद्याहून रेल्वेने दिल्लीला, हजार किलोमीटरच्या पुढे. त्याने विचारलं, वाटेत किती वेळा उतरवतात? मी म्हटलं, इथे भरतात, तिथे उतरवतात. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, २००० नंतरच्या पॅलेस्टिनी उठावाच्या वर्षांत माझा माल नाब्लस शहराच्या बाजारात जायचा, तेव्हा इस्रायली सैन्याच्या नाक्यावर माझ्या ट्रकमधून सगळा उतरवायचा, तपासायचा आणि पलीकडे उभ्या दुसऱ्या ट्रकमध्ये भरायचा. उन्हात. दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे करायचे, मधे हमाल. घड दोनदा हाताळला की साल काळी पडते आणि भाव अर्ध्यावर येतो. हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. बाकी राजकारण मला तेव्हा कळत नव्हतं, पण उन्हात दोनदा उतरवलेला घड मला कळतो.

मी विचारलं, इथून जेरुसलेमला जाता का? अंतर पस्तीसेक किलोमीटर. त्याने हाताच्या बोटांवर मोजून दाखवलं, वीस वर्षांत किती वेळा गेलो ते. एका हाताची बोटं पुरली. परवाना लागतो, त्याला ते तसरीह म्हणतात. रमजानच्या शुक्रवारी वयाची अट घालून काही जणांना सोडतात, तेव्हा नमाजाला जायला मिळतं.

आणि आम्ही? संध्याकाळी बसमध्ये बसलो. नाक्यावर एक पोरसवदा सैनिक वर चढला, आम्ही पासपोर्ट हातात धरून दाखवले, त्याने दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि उतरला. तासाभरात जेरुसलेमच्या हॉटेलात हातपाय धूत होतो. मी चार हजार किलोमीटरवरून आलेला परका माणूस. तो तिथेच जन्मलेला.

तेव्हापासून जमेल तसं वाचत आलो. पण इथे कायद्याची माहिती असलेले, आखाती देशांत राहिलेले बरेच जण आहेत. तिथली माणसं रोजच्या रोज शाळेत, दवाखान्यात, शेतात, लग्नाकार्याला जातात कशी? जे माहीत असेल ते लिहा. गाझाचं दुःख फार मोठं आहे, त्यावर वेगळा धागा आहे. इथे वेस्ट बँकेपुरतंच बोलू.

वाघूरकाठ | शनिवार, रात्री १०:०२

भाऊ, चिकाच्या डागाचं वाचून काटा आला. एक विचारतो. हा प्रदेश केवढा आहे? आणि लाल पाटी फक्त इस्रायली लोकांसाठी कशी काय?

वकील_जळगाव | शनिवार, रात्री ११:३५

वाघूरकाठ, वेस्ट बँक आपल्या जळगाव जिल्ह्याच्या निम्म्याएवढी आहे. क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. त्यात तीस लाखांहून जास्त पॅलेस्टिनी राहतात. पूर्व जेरुसलेम धरून सुमारे सात लाख इस्रायली वसाहतकरीही राहतात. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने हा भाग जॉर्डनकडून जिंकला, तेव्हापासून तो लष्करी अमलाखाली आहे.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने त्याचे तीन भाग पाडले. 'अ' म्हणजे मोठी शहरं. तिथला कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे, म्हणजे त्यांच्या मर्यादित अधिकारांच्या सरकारचे, म्हणून लाल पाटी. 'ब' मध्ये कारभार त्यांचा, पण सुरक्षा इस्रायली सैन्याची. 'क' मध्ये सगळंच सैन्याच्या हाती, आणि हा 'क' भाग सुमारे साठ टक्के. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. 'अ' आणि 'ब' हे सलग नाहीत, 'क' च्या पाण्यात बेटं असावीत तसे विखुरलेले आहेत. चोपड्याहून अमळनेरला जायचं तर तापी ओलांडावी लागते, तसं तिथे प्रत्येक गावाहून दुसऱ्या गावाला जाताना सैन्याच्या हद्दीतून जावं लागतं.

वाहनांच्या पाट्याही वेगळ्या. इस्रायली गाड्यांना पिवळी, पॅलेस्टिनींच्या गाड्यांना पांढऱ्यावर हिरवे आकडे. ओळखपत्राचं पाकीट वेस्ट बँकवाल्यांचं हिरवं, जेरुसलेमवाल्यांचं निळं. केळीबाग भाऊंची बस पिवळ्या पाटीची असणार, म्हणून दोन मिनिटांत सुटली.

कायद्याच्या अंगाने मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट सांगतो. आपल्याकडे तडीपारी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर घालवता येतं. पण त्यासाठी त्या माणसाच्या नावाने नोटीस काढावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, कारण लिहावं लागतं, आणि मुदत दोन वर्षांच्या पुढे जात नाही. शिवाय त्यावर अपील आहे. मी स्वतः अशी प्रकरणं लढवली आहेत. याच्या मुळाशी घटनेचं कलम १९(१)(ड) आहे : फिरण्याचा हक्क आधी, बंदी हा अपवाद. तिथे जेरुसलेमला किंवा इस्रायलमध्ये जाण्याच्या बाबतीत हे उलटं आहे. बंदी सगळ्यांना आणि परवाना हा अपवाद. आणि हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९७२ पासून सर्वसाधारण परवानगी होती, बहुतेक लोक दिवसा मोकळे जाऊन येत. जानेवारी १९९१ मध्ये ती सरसकट परवानगी काढून घेतली आणि प्रत्येकाला स्वतंत्र परवाना लागू झाला. म्हणजे आज पस्तिशीच्या आतल्या माणसाने ते मोकळे दिवस पाहिलेलेच नाहीत.

परवाने देतं ते लष्कराच्या अखत्यारीतलं सिव्हिल ॲडमिनिस्ट्रेशन. नाव सिव्हिल, पण हात लष्कराचा. नकार मिळाला तर बहुतेक वेळा कारण एकच : सुरक्षा. पुरावा गोपनीय. ज्याच्या विरुद्ध काय आहे तेच माहीत नाही, त्याचा बचाव कोणता वकील करणार?

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला दिलेल्या सल्लागार मतात इस्रायलचा या प्रदेशातला ताबाच बेकायदेशीर ठरवला, आणि ये-जा करण्यावरच्या निर्बंधांचा त्यात सविस्तर विचार आहे. इस्रायलने ते मत मान्य केलेलं नाही.

धुळेकर_पूर्वी_अम्मान | रविवार, सकाळी ७:२०

केळीबाग भाऊ, तुना लेख वाचीसन मना बी डोया भरी उनात.

मी जॉर्डनमध्ये अम्मानजवळ कपड्यांच्या कारखान्यात सहा वर्षं लाइन सुपरवायझर होतो. माझ्या शेजारच्या लाइनवर नाब्लसचा एक जण होता, माझ्याच वयाचा. घर वेस्ट बँकेत, नोकरी अम्मानमध्ये. अम्मान ते नाब्लस सरळ रेषेत धुळे-मालेगावच्या थोडं पुढे एवढंच अंतर असेल. पण तो घरी जायचा म्हणजे अख्खा दिवस जायचा. पहाटे चारला उठून निघायचा.

वेस्ट बँकेच्या लोकांना तेल अवीवच्या विमानतळावरून उडता येत नाही, खास परवानगी मिळाली तरच. त्यामुळे जगात कुठेही जायचं, अगदी हजला जायचं तरी, आधी जॉर्डन नदीवरचा एकच पूल ओलांडायचा. इस्रायली त्याला ॲलनबी म्हणतात, जॉर्डनवाले किंग हुसेन पूल, पॅलेस्टिनी नुसतंच 'जिसर', म्हणजे पूल. त्या पुलावर तीन जणांचा कारभार. आधी जॉर्डनचा कक्ष, मग बसने इस्रायलचा कक्ष, मग परत बसने जेरिकोत पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा कक्ष. प्रत्येक ठिकाणी बॅगा उतरवायच्या, चढवायच्या. इस्रायली कक्षात बॅगा आधीच वेगळ्या पट्ट्यावर जातात आणि बाहेर आल्यावर ढिगातून शोधायच्या. तो बॅगेच्या मुठीला आईच्या जुन्या लाल रुमालाची चिंधी बांधायचा. मला म्हणाला होता, ढिगात लाल दिसली की समजायचं, आता घर जवळ आलं.

पूल ठरावीक वेळच उघडा. एखादी घटना घडली की बंद, कधी उघडेल ते कुणी सांगत नाही. एकदा त्याची आजी गेली. फोन आला दुपारी दोनला. कारखान्यातून सुटी, गाडी, सगळं मी करून दिलं. पुलावर पोचला तर बंद झालेला. मातीला पोचला नाही. रात्री खोलीवर परत आला आणि गादीवर बसून राहिला. मी त्याला भाकरी केली, तीपण खाल्ली नाही. आपल्याकडे मुंबई-सुरतेहून माणूस मातीला येईपर्यंत थांबतात. त्यांना थांबायलाही काही अर्थ नसतो, कारण कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं.

अजून एक सांगतो. तिथे आपल्या काळीपिवळीसारख्या सामाईक टॅक्सी चालतात. त्याला ते 'सर्व्हीस' म्हणतात. सात-आठ जण बसले की गाडी निघते. चालकाच्या एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर रस्त्यांच्या बातम्यांचे ग्रुप. कोण लिहितं हवारा नाका उघडा, कोण लिहितं कलंदिया नाका गच्च. हिरवी खूण, लाल खूण. या ग्रुपांचं नाव 'अहवाल अत-तुरुक', म्हणजे रस्त्यांचे हाल. आपण सरकारी अहवाल म्हणतो तोच शब्द! हद्द, मनाई, मुसाफिर, वकील, जप्त, हे सगळे शब्द त्याच्या तोंडून ऐकले की मला कळायचे.

सातपुडा_पायथा | रविवार, सकाळी १०:४८

सगळं वाचलं. दुःख आहेच. पण दुसरी बाजूही मांडायला हवी म्हणून लिहितो.

माझा चुलतभाऊ तिकडे वृद्धांची सेवा करायला केअरगिव्हर म्हणून आहे. ज्या आजींकडे तो राहतो त्यांनी शेजारचं माणूस बसमधल्या स्फोटात गमावलं. मार्च २००२ मध्ये नेतान्याच्या एका हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेली तीस माणसं आत्मघाती हल्ल्यात मेली. त्या काळात इस्रायलमध्ये आई-बाप दोन मुलांना एका बसने शाळेत पाठवत नसत. भिंत आणि कुंपण त्यानंतरच बांधायला घेतलं, आणि असे हल्ले खूप कमी झाले हे खरं आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला तर सुमारे बाराशे माणसं एका दिवसात मारली गेली. नाके हौसेने कुणी उभारत नाही. आपल्या घरात असं झालं असतं तर आपणही दार लावलं असतं.

केळीबाग_रावेर | रविवार, दुपारी १:१५

सातपुडा दादा, बरं केलं लिहिलंत. त्या आजींचं दुःख मी कमी लेखत नाही. बसमध्ये बसलेल्या पोरांना मारणं हे पापच, कुणीही केलं तरी.

पण दार आपण आपल्या उंबऱ्यावर लावतो. कुंपण आपल्या बांधावर घालतो. १९६७ च्या आधीची हद्द, जिला हिरवी रेषा म्हणतात, ती सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. आणि ठरवलेली भिंत सातशे किलोमीटरच्या वर. वळणं घेत घेत आत शिरलेली, जवळपास पंच्याऐंशी टक्के वेस्ट बँकेच्या आतून. कलकिल्या नावाचं शहर तर भिंतीने जवळजवळ चारी बाजूंनी वेढलंय. आणि दादा, बरेचसे नाके इस्रायलच्या हद्दीवर नाहीतच. एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावाला जाताना मधे आहेत. जळगावहून पाचोऱ्याला जाताना.

भिंत आणि हिरवी रेषा यांच्या मधे जी जमीन अडकली, तिथल्या शेतकऱ्याचं मला रात्रंदिवस आठवतं. कलकिल्याजवळ जय्यूस नावाचं गाव आहे. त्यांची बरीच शेती आणि विहिरी भिंतीपलीकडे गेल्या. स्वतःच्या शेतात जायला परवाना. भिंतीला लोखंडी फाटक, ते सैनिक येऊन उघडायचे, दिवसातून ठरावीक वेळी थोडा वेळ. काही फाटकं तर फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जैतून म्हणजे ऑलिव्ह काढणीच्या दिवसांत उघडायची. मला सांगा, केळीला निसवणीच्या वेळी पाणी तुटलं तर बाग हातची जाते. करपा आला तर त्याच दिवशी पान कापावं लागतं. वादळ आलं तर रात्री बाराला बॅटरी घेऊन टेकू लावायला जातो आपण. शेताला वेळ सांगून जाता येत नाही. शेती ही माणसाच्या पावलावर चालते, आणि तिथे पाऊलच परवान्यावर आहे.

वकील_जळगाव | रविवार, दुपारी २:०५

केळीबाग भाऊंच्या मुद्द्याला जोड. ९ जुलै २००४ चं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत नेमकं याच भिंतीबद्दल होतं. पंधरापैकी चौदा न्यायाधीशांनी वेस्ट बँकेच्या आतून जाणारी भिंत बेकायदेशीर म्हटली. इस्रायलला आपल्या नागरिकांचं रक्षण करण्याचा हक्क आणि कर्तव्य आहे, हेही त्याच मतात आहे. सातपुडा दादांच्या मुद्द्याचं वजन न्यायालयाने ओळखलं होतं, आक्षेप भिंत कुठून नेली यावर होता.

शेतीच्या परवान्याचा आणखी एक नियम. २०१७ मध्ये असं ठरवलं गेलं की ३३० चौरस मीटरपेक्षा लहान तुकड्याला शेतीची गरजच नाही असं धरून चालायचं. म्हणजे सव्वातीन गुंठे. भावाभावांत वाटण्या होऊन आपल्याकडे जमिनीचे किती बारीक तुकडे झालेत ते तलाठ्याकडे जाऊन बघा. तिथेही तेच झालंय. आजोबांच्या जैतुनाच्या रानात दहा नातवंडांचा वाटा, आणि प्रत्येकाचा वाटा कागदावर 'शेती नाही' इतका लहान.

नवापूरची_लेक | रविवार, रात्री ८:३०

आमच्या नवापूर तालुक्यात मावची ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत, आम्ही त्यातलेच. २०१९ मध्ये मंडळीतल्या लोकांबरोबर आई पवित्र भूमीच्या यात्रेला गेली होती. आयुष्यभर पैसे साठवून गेली.

बेथलेहेमला येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चमध्ये त्यांना एक स्थानिक ख्रिस्ती गाइड मिळाली, तिथलीच बाई. आईला गुडघ्याचा त्रास, ती आईचा हात धरून पायऱ्या उतरवत होती. जन्मस्थानाच्या तारेजवळ आई रडली तेव्हा तीही रडली. निघताना आई म्हणाली, बाई, आता उद्या जेरुसलेमला पण तूच आमच्याबरोबर ये. पुनरुत्थानाच्या चर्चमध्ये मला तुझाच हात धरायचाय. ती म्हणाली, मावशी, मला येता येत नाही. बेथलेहेम ते जेरुसलेम दहा किलोमीटरच्या आत. पुढे दुसरा गाइड येणार होता.

नाक्याच्या अलीकडे ती बसमधून उतरली. आईने खिडकीतून पाहिलं, ती भिंतीच्या कडेकडेने चालत परत चालली होती. आई अजून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत तिच्यासाठी मागते. नाव विचारायचं राहिलं, म्हणून 'बेथलेहेमची बहीण' म्हणते. ईस्टरला तरी तिला परवाना मिळू दे, एवढंच मागणं.

इ_पास_आठवतो | रविवार, रात्री ९:०४

२०२० मध्ये आपणही ई-पाससाठी रडलोच की. माझं लग्न त्यात अडकलं होतं, नंदुरबारहून औरंगाबादला वऱ्हाड नेता आलं नाही. त्या तीन महिन्यांत जी घुसमट झाली तीच ना ही?

सिस्टर_सिव्हिल | रविवार, रात्री ११:५०

ड्युटी संपवून लिहितेय. ई-पासचं दुःख मी समजते दादा, पण तो रोगासाठी होता, सगळ्यांना सारखा होता, आणि संपला.

मी धुळ्यात नर्स आहे. आमच्याकडे धडगावच्या पाड्यांवरून पेशंट येतात. बांबूला झोळी बांधून डोंगर उतरवतात, खाली ॲम्ब्युलन्स. प्रत्येक वेळी पेशंट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवताना जीव मुठीत असतो. सलाइन निसटतं, ऑक्सिजनची नळी अडकते, मणक्याला मार असेल तर एक झटका पुरतो. शिफ्टिंग कमीत कमी करा, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात.

तिथे वेस्ट बँकेतला गंभीर पेशंट पूर्व जेरुसलेमच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा असेल तर नाक्यावर पॅलेस्टिनी ॲम्ब्युलन्समधून काढून दुसऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये घालतात. केळीच्या ट्रकसारखंच, पाठीला पाठ लावून. मी हे वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. रस्त्यावर, उघड्यावर, बंदुकीच्या शेजारी स्ट्रेचर बदलायचं! ज्यांना कॅन्सरचे शेक म्हणजे रेडिएशन लागतं, त्यांच्यासाठी जेरुसलेमचं ऑगस्टा व्हिक्टोरिया हे मुख्य ठिकाण आहे. रेडिएशन रोज घ्यावं लागतं, आठवडेच्या आठवडे. मधे खाडा पडला तर उपचाराचा उपयोग कमी होतो. आणि बरोबर कोण जाणार त्यालाही परवाना हवा. लहान मुलाबरोबर आईला नाकारून आजीला पाठवतात असंही होतं. मुलाच्या हातात सुई टोचताना आई लागते. तिथे आजीचं चालत नाही. मी रोज बघते.

पाचोऱ्याचे_गुरुजी | सोमवार, सकाळी ६:४०

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवलं नाही.

मी फासेपारधी समाजातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. इथे सगळे परदेशातलं लिहीत आहेत, मी आमच्या घरातलं लिहितो.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मला की गुन्हेगार. माझ्या आजोबांना पोलीस पाटलाकडे हजेरी लागायची. शेजारच्या गावच्या बाजाराला जायचं तरी दाखला हवा. दाखल्यावर लिहिलेलं असायचं कुठे जाणार, कधी परत येणार. परत यायला उशीर झाला की मार. बैल मध्येच आजारी पडला, नदीला पूर आला, कारण काहीही असो. वडील सांगायचे, आजोबांच्या बहिणीचं लग्न दोन गावं सोडून होतं आणि आजोबांना दाखला मिळाला नाही. बहिणीची पाठवणी भावाशिवाय झाली. पुढे कायदा गेला, ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो. पण आजोबा म्हातारपणीसुद्धा गावाबाहेर निघताना आधी पाटलाच्या वाड्यासमोर जाऊन उभे राहायचे. वाड्यात तेव्हा कुणी राहतही नव्हतं. दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग निघायचे.

पायावरचा दाखला कागदातून गेला तरी अंगातून जायला एक पिढी जाते. तिथल्या तर दोन-तीन पिढ्या झाल्या. फिरणं हा आमच्या जातीचा धर्म होता, रानोमाळ हिंडणारी माणसं आम्ही. आमचं फिरणंच गुन्हा ठरवलं. म्हणून मला त्या जेरिकोच्या म्हाताऱ्याशी नातं वाटतं, केळीबाग भाऊ.

वकीलसाहेबांनी जे सांगितलं, बंदी सगळ्यांना आणि परवाना अपवाद, ते आमच्या बाबतीत याच मातीत झालेलं आहे.

वकील_जळगाव | सोमवार, सकाळी ९:१२

गुरुजी, मी तडीपारीचं उदाहरण दिलं आणि हे विसरलो. माझ्याच जिल्ह्यातली गोष्ट, ती आधी मी लिहायला हवी होती. तुमच्या घरात एखादा जुना दाखला आहे का?

धावपटू_भुसावळ | सोमवार, दुपारी १२:३०

एक वेगळी माहिती. २०१३ मध्ये बेथलेहेममध्ये मॅरेथॉन सुरू झाली. आयोजकांच्या चळवळीचं नावच 'फिरण्याचा हक्क' असं आहे. मॅरेथॉन ४२ किलोमीटरची, पण नाका किंवा भिंत न लागता सलग ४२ किलोमीटर रस्ताच तिथे सापडेना. म्हणून तेच अंतर पुन्हा पुन्हा पळायचं, वळून परत यायचं. जन्मस्थानाच्या चर्चसमोरच्या चौकातून सुरू होऊन भिंतीच्या कडेने, निर्वासितांच्या छावण्यांजवळून जातात. मी तापीकाठाने तीस किलोमीटर सराव करतो, कुठे वळायचं ते माझे पाय ठरवतात. भिंत आली म्हणून वळायचं ही कल्पनाही मी करू शकत नाही.

वाघूरकाठ | सोमवार, दुपारी ३:४५

आत्ता सध्या काय परिस्थिती आहे? अम्मानवाले दादा, तुमच्या मित्राची काही खबर?

धुळेकर_पूर्वी_अम्मान | सोमवार, रात्री १०:१५

काल रात्रीच बोललो. तो नाब्लसला परत आलाय, वडील थकले म्हणून.

ऑक्टोबर २०२३ नंतर खूप बिघडलंय म्हणतो. इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्या लाखाहून जास्त लोकांचे परवाने एका फटक्यात थांबले. त्याचा मेव्हणा बांधकामावर होता, तो आता घरी बसून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत वेस्ट बँकेतले नाके, फाटकं, मातीचे ढिगारे मिळून अडथळे आठशेच्या वर गेले आहेत. त्यात लोखंडी फाटकं फार वाढली. गावाच्या तोंडाशी पिवळं फाटक, सैनिक येऊन कुलूप लावून जातात, की गाव आत बंद. नाक्यावर निदान माणूस असतो, त्याला विनंती करता येते. फाटकाला काय सांगणार?

त्याची पोरगी रामल्लाजवळच्या बिरझेत विद्यापीठात आहे. रोज जाऊन-येऊन शिकत होती, आता खोली घेऊन राहते, कारण परीक्षेच्या दिवशी फाटक बंद असलं तर वर्ष जातं. रामल्लाहून दक्षिणेला बेथलेहेमला जायचं तर पूर्वी जेरुसलेममधून सरळ रस्ता होता. तो त्यांना बंद. आता वादी अन-नारने जातात, म्हणजे आगीच्या दरीने, घाटातून, दुप्पट अंतर. तिच्या मैत्रिणीचं लग्न बेथलेहेमला होतं, ही आदल्या दिवशीच निघाली. हळद-मेंदी सगळ्याला हजर राहिली म्हणून तो खूश होता.

मी त्याला या धाग्याबद्दल सांगितलं. चिकाच्या डागाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, नाब्लसच्या बाजारात अजून जेरिकोची केळी येतात, उद्या घेतो.

केळीबाग_रावेर | सोमवार, रात्री १०:५८

धुळेकर दादा, त्याला म्हणावं केळी घेतलीस की साल कशी आहे ते बघून सांग. काळी पडलीय की पिवळी आहे.

पाचोऱ्याचे_गुरुजी | मंगळवार, सकाळी ६:१५

वकीलसाहेब, आईच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद आहे, आजोबांच्या अंगठ्याचा. लहानपणी पाहिला होता. रविवारी वस्तीवर जातोय, काढून फोटो टाकतो.